हौसाची फुंक

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून नळ्यांत रंग भरत होतो.

हौसा, माझी बायको, भिंतीला पाठ टेकून बसलेली. आडवं झालं की तिचा दम कोंडायचा, म्हणून महिनाभर ती अशी बसलेलीच असायची. समोर परात, परातीत रंगपंचमीचा लाल रंग, बाजूला बिस्किटाचा पत्र्याचा डबा. नळ्या बोटभर लांबीच्या, पलीकडचं दिसेल अशा प्लास्टिकच्या, आत काडी कशीबशी जाईल एवढ्या. एका टोकानं चिमूटभर रंग सोडायचा आणि हळू फुंकायचं. तोंडाच्या वाफेनं नळी आतून दमट होते आणि रंग सगळीकडं सारखा बसतो. मग एक टोक दिव्यावर धरून चिमट्यानं दाबून बंद करायचं. दुसरं टोक उघडंच ठेवायचं, फक्त प्रवासात रंग सांडू नये म्हणून त्याला मेणाचा मणी लावायचा.

ह्या नळ्या समुद्रातल्या कासवांच्या पाठीला बांधतात. कशाला, ते पुढं सांगतो.

इतकी वर्षं फुंकायचं काम तिचं आणि दिव्यावर धरायचं माझं. त्या दिवशी तिनं पहिली नळी माझ्याकडं सरकवली.

"आज तुमी फुंका."

मी फुंकली. सगळा रंग पलीकडच्या टोकानं बाहेर पडला तो थेट तिच्या तोंडावर. नाक, गाल, पापण्या, सगळं लाल.

"अवं, टायरात हवा भरायला बसलायसा व्हय?" म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता खोकला आला, खोकला थांबला तर परत हसू. मी ओल्या टॉवेलानं तिचं तोंड पुसलं. पुसताना गाल हाताला लागले. गालांत काही उरलं नव्हतं.

मग तिनं शिकवल्यासारखं ओठ चंबू करून मी हळू हळू फुंकत गेलो. जमलं. शेवटची नळी उरली तेव्हा तिनं हात पुढं केला. "आणा हिकडं. एक तरी माझी जाऊ दे."

मध्ये थांबत, डोळे मिटत, तिनं ती नळी भरली. मी टोक बंद केलं. मेणाचा मणी तिनंच लावला आणि अंगठ्याच्या नखानं दाबला. मग आम्ही चहा प्यालो. तिनं बशीतून, मी कपातून. पहाटे ती गेली.

आता दिवसकार्य झालं, पावणं आपापल्या गावाला गेले. घरात आवाज नाही. मी चौथी शिकलेला, भाड्यानं जीप चालवणारा माणूस, लिहिण्याचा मला सराव नाही. पण बोलायला समोर कोण नाही, म्हणून लिहितो.

हौसा हुपरीची. तिकडं घरोघरी चांदीचं काम. तिच्या माहेरीही पैंजण करायचे. मी बघायला गेलो तेव्हा ती सोप्यात दिव्यापुढं बसून तोंडात फुंकणी धरून डाख लावत होती. पैंजणाच्या कड्या जोडायच्या तर दिव्याची ज्योत फुंकणीनं वळवून नेमकी सांध्यावर धरावी लागते, आणि डाख वितळून बसेपर्यंत फुंक तुटू द्यायची नसते. तिचा भाऊ म्हणाला, "अगं, पावणं आल्यात." हिनं मान वर केली नाही. गाल फुगलेले, एक बोट वर केलं. थांबा म्हणून. आम्ही चार माणसं चपला घालून उंबऱ्यात उभी. ज्योत सुईसारखी आडवी, हालत नाही. मी मनात म्हटलं, ही श्वास कधी घेते?

डाख बसला. फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बसा की. हुबं ऱ्हायल्यानं चांदी लवकर वितळती व्हय?"

मामा परत येताना म्हणाला, पोरगी तोंडाळ आहे. मी म्हटलं, हीच.

मंगळवार पेठेत आमचं बिऱ्हाड झालं. भावाकडून मोडीतले तुकडे आणून ती घरी कड्या करून द्यायची. तिचं बोलणंही फुंकेसारखंच, मध्ये तुटायचं नाही. गल्लीत भांडण लागलं की अख्खं भांडण एका दमात. शेजारची पारूकाकी म्हणायची, "हिचं ऐकताना आमालाच धाप लागती." मी खोटं बोललो की ती काही बोलायची नाही, नुसते गाल फुगवून बघत राहायची. मग मला खरं सांगावं लागायचं. आम्हाला मूल नाही. एवढंच लिहितो.

नाईकबाई आमच्याकडं आल्या त्या जीप ठरवायला. कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकवायच्या. वय फार नव्हतं, एकट्याच राहायच्या. गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जायचं, समुद्रकाठी मुक्काम करायचा, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत परत परत. मी हो म्हणणार तोवर हौसा आतून आली.

"एकट्या बाईमाणसानं गड्यासंगं जायाचं आन् मुक्काम करायचा? लोक काय म्हणतील? मीबी येती."

"तुला समुद्र बघायचाय, ते सांग की," मी म्हटलं.

"त्योबी बघीन. तुमच्या जीपमागं धूळ खात बसू काय जन्मभर?"

बाई हसल्या. मग त्यांनी काम काय ते सांगितलं. कासवीण अंडी घालायला वाळूवर येते. अंडी घालते आणि जाते, आणि बऱ्याचदा तीन-चार आठवड्यांनी त्याच किनाऱ्यावर दुसऱ्यांदा येते. मधल्या दिवसांत ती समुद्रात किती खोल उतरते ते कुणाला ठाऊक नाही. परदेशात, बर्फाच्या मुलखात, सीलच्या पाठीला घड्याळासारखं यंत्र बांधून त्याची बुडी मोजतात. आपल्याकडं तसलं यंत्र नाही. पण नळी आहे. एक टोक बंद, एक उघडं. जितकं खोल जाल तितका पाण्याचा दाब, तितकं पाणी नळीत वर चढणार, आणि चढलं तिथवर आतला रंग धुऊन जाणार. कासवीण परत आली की नळी सोडायची आणि रंगाची रेघ बघायची.

"आपण तिथं उतरू शकत नाही, हौसाबाई," नाईकबाई म्हणाल्या. "ती उतरते. तिलाच विचारायचं."

हौसानं नळी हातात घेऊन उजेडात धरली. "आन् बांधणार कशानं?"

"तारेनं. पाठीच्या कडेला बारीक भोक पाडून. तिला दुखत नाही तिथं."

"लोखंडाची तार? खाऱ्या पान्यात आठ दिसांत गंजंल. पितळ हिरवं हुतंय. मी चांदीची कडी करून देती. पैंजणाची असती तसली, फासाची."

तिथून त्या दोघींचं जे जमलं ते जमलं. परड्यातल्या आडात हौसा दोरीला नळी बांधून सोडायची आणि बाई रेघ मोजायच्या. आडाचं पाणी किती परस, म्हणजे किती पुरुष खोल, ते आम्हाला ठाऊक होतं, त्यावरून नळी बरोबर दाखवते का ते कळायचं. दोरी खाली असेपर्यंत हौसा स्वतःचा श्वास धरून उभी राहायची. मी म्हणायचो, "अगं, नळी गेलीया पान्यात, तू न्हाय." ती बोट वर करायची. थांबा.

पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा ती काहीच बोलली नाही. तिच्या तोंडून शब्द न फुटल्याचं मी तेवढं एकदाच बघितलंय. जरा वेळानं म्हणाली, "एवढं पानी आन् एक घोट पिता येत न्हाय. काय उपेग?"

तांबडं फुटायच्या वेळी एक कासवीण वाळूत दिसली. अंडी घालून, वाळू लोटून, परत निघाली होती. फार दमलेली. चार पावलं सरकायची, थांबायची, मोठा उसासा टाकायची. डोळ्यांतून पाणी गळत होतं. बाई म्हणाल्या, ते रडणं नव्हे, अंगातलं मीठ बाहेर टाकते. हौसा म्हणाली, "तुमी ऱ्हावा गप. बाळंतीण हाय ती."

बाईंनी कडी अडकवली, नळी बसवली. मी बॅटरी धरून उभा. बघतो तर हौसानं पदराच्या गाठीतून मूठभर तांदूळ काढले, हळकुंड काढलं आणि कासविणीच्या पुढ्यात वाळूवर ठेवले.

"हे काय गं?"

"माहेरला आलीवती बाळंतपणाला. मोकळ्या वटीनं लावायची काय?" आणि कासविणीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जा बाय. सावकाश जा. पर माघारी ये."

नाईकबाई शिकलेल्या बाई, त्यांनी हसावं की नाही. त्या हसल्या नाहीत. लाट आली, तांदूळ घेऊन गेली, कासवीणही गेली.

आता जे झालं ते. एका फेरीला बाईंच्या रंगाची पुडी खाऱ्या हवेनं ओली होऊन गठ्ठा झाली. एक नळी रिकामी राहिली. बाई म्हणाल्या, राहू दे ही. हौसा म्हणाली, मी भरते. कोकणातल्या त्या खोलीत तिनं पिशवीतून आपला कुंकवाचा करंडा काढला. नळी भरून लाल झाली. बाईंनी लाल बघितलं, रंगही लालच असायचा, त्यांनी काही विचारलं नाही. ती नळी एका मोठ्या कासविणीला बांधली.

इतकी कासवं बांधली त्यांतली परत आलेली एकच दिसली, ती हीच. सकाळच्या उजेडात कडेला चांदीची कडी काळी पडलेली, पण घट्ट. हौसा वाळूत पळत सुटली. पन्नाशीला आलेली बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत धरून, "आली! माझी आली!" मी एवढा आनंद तिला आमच्या लग्नातही झालेला बघितला नव्हता.

बाईंनी नळी सोडली आणि उजेडात धरली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल. जशी भरली होती तशी.

"म्हणजे ही खाली उतरलीच नाही?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी पिनेनं आतला रंग जरासा काढला, बोटावर चोळला. बोट चिकट झालं. "हौसाबाई, काय घातलं होतं यात?"

"कुंकू. पुडी वली झालती न्हवं? पर नुसतं न्हाय घातलं. खालनं मेण लावलं आदी, आपण कपाळाला लावताव तसं. बघा, एवढं दिस खाऱ्या पान्यात ऱ्हायलं, पर पुसलं न्हाय!"

अभिमानानं सांगत होती.

बाई वाळूवर खाली बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ते पुसायलाच हवं होतं, हौसाबाई. जेवढं पुसलं जाईल तेवढंच आपल्याला कळणार होतं."

हौसाला ठाऊक नव्हतं असं नाही. आडावर शंभरदा तिनं रेघ बघितली होती. पण रंग वेगळा आणि कुंकू वेगळं. ती नळीकडं बघत म्हणाली, "सवाष्णीचं कुंकू पुसायचं? आन् ते मी माझ्या हातानं पुसायला लावू? हात कसा धजंल वो, बाई?"

तेवढ्यात कासवीण पाण्यात शिरली. पाठीला काहीच नव्हतं. दुसरी नळी बांधायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

घाट चढून आम्ही माघारी आलो. बाईंनी दोष दिला नाही, नंतरही कधी दिला नाही. पण कॉलेजात गोष्ट पसरली. कासवाला कुंकू लावणाऱ्या बाई, असं मागं बोलायचे. बाईंचं मोठ्या परीक्षेचं लिखाण अडून राहिलं. मी एकदा जीप घेऊन कॉलेजाच्या दारात थांबलो होतो, हौसा मागं बसलेली, तेव्हा दोन मास्तर हसत हसत तेच बोलत गेले. हौसानं ऐकलं. गाल फुगले. मला वाटलं आता ह्या दोघांचं काही खरं नाही. पण तिनं हवा सोडून दिली आणि गप्प बसली. घरी आल्यावर म्हणाली, "आजून एक येऊ दे. रेघ घिऊन येऊ दे. मग मी सुटली."

त्या दिवसापासून तिनं स्वतःच्या कपाळाला मेण लावणं सोडलं. कोरडंच कुंकू लावायची. घामानं दुपारपर्यंत पसरायचं, परत लावायची. पारूकाकी म्हणाली, "असं गं काय, मेण संपलं काय?" ही म्हणाली, "व्हय, संपलं." मेण डब्यात होतं.

मग दर मोसमाला जाणं. थंडी सुरू झाली की ती कड्या करायला बसायची आणि मला रंगपंचमीचा रंग जपून ठेवायला लावायची, पाण्यात चटकन विरतो तो. नाईकबाई मध्येच थकल्या, म्हणाल्या, "आता बंद करू, हौसाबाई. मी दुसरा विषय घेते." हौसानं एका दमात असं काही सुनावलं की बाई दुसऱ्या दिवशी सकाळी जीपपाशी पिशवी घेऊन हजर. बांधलेलं एकही कासव परत दिसलं नाही. कुठल्या जाळ्यात गेलं, कुठल्या दुसऱ्या किनाऱ्याला लागलं, कोण सांगणार? हौसा समुद्राकडं बघत बसायची आणि पुटपुटायची, "कितीबी खोल जावा, बायांनो. पर दम घ्यायला वर या."

तिचाच दम आधी गेला. डॉक्टर म्हणाले, लहानपणापासून धूर, आम्लाची वाफ, फुंकणी. छाती आतून खराब झाली. हुपरीला तसे बरेच आहेत, म्हणाले. घाट उतरणं बंद झालं. पायरीवरून उठून आत येताना ती दारात हात टेकून थांबायची, चार पावलं सरकायची, परत थांबायची. मला ती वाळूवरची पहिली कासवीण आठवायची. मी तोंड फिरवून जीपचं चाक बघत बसायचो.

तरी नळ्या चालूच. "मी न्हाय गेली तरी नळ्या जाऊ देत," म्हणायची. आणि आम्ही शेवटच्या संध्याकाळी बसलो ते असे बसलो.

गेली तेव्हा गल्लीतल्या बायका जमल्या. सवाष्ण गेली, मळवट भरायचा. पारूकाकीनं मला विचारलं, "मेण कुठं ठेवलंय तिनं?" मी म्हटलं, "मेण नगं. कोरडंच लावा." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पारूकाकीला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं डोळे पुसले आणि कोरडंच भरलं. नदीवर नेईपर्यंत ते कपाळावरून पसरून भुवयांपर्यंत आलं होतं. तिच्या कानाशी कालचा रंगही थोडा राहिला होता, मी पुसताना सुटलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाईकबाई आल्या. त्यांना कोकणात जायचं होतं, मोसम अंगावर आला होता, दुसरी जीपही ठरली होती. पण नळ्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. उंबऱ्याजवळ बसून राहिल्या. पारूकाकीनंच सांगितलं, सुतकातल्या घरातून वस्तू नेऊ नये. बाई म्हणाल्या, "मी काही न्यायला आले नाही, काकी."

मी आत गेलो. डबा चुलीजवळ तसाच होता. हौसानं भरलेली नळी मी आदल्या दिवशी उचलून देवळीत करंड्यापाशी ठेवली होती. बाकीच्या आणि ती, दिसायला सारख्या. फक्त हिच्या मेणावर नखाची खूण. दोन्ही टोकं बंद, आत रंग, आणि रंगाबरोबर तिनं फुंकलेलं जे काही असेल ते.

बाई मागं येऊन उभ्या राहिल्या. माझ्या हातात बघून त्यांना कळलं.

"ही त्यांनी भरली?"

"व्हय. शेवटची."

"मग ही राहू दे तुमच्याजवळ, दत्तोबा. एकीनं काही अडत नाही. खरंच सांगते."

खोटं बोलत नव्हत्या. मी नळी मुठीत धरून उभा राहिलो. मनात आलं, ठेवू. कुणी विचारणार नाही. पेटीत ठेवीन, रोज बघीन. मग ती माझ्यापुढं आली, भिंतीला टेकून बसलेली, तोंडभर लाल, हात पुढं केलेला. एक तरी माझी जाऊ दे.

मेणाचा मणी मी दोन बोटांत धरून फिरवला. ऊब लागून मऊ झाला, नखाची खूण गेली. नळी डब्यात टाकली, झाकण लावलं, डबा हलवला. झाकण काढून बघितलं. आता मलाही कळेना, तिची कुठली.

"न्या," मी बाईंना म्हटलं. "पान्यात सोडायच्या आदी मेण काढायला इसरू नगासा."